थंड इंजिन

दि. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खताची गोणी दीडपट महागली, डिझेलचं तर नावच काढू नकोस. गव्हाचा भाव मात्र जागचा हलत नाही. त्यात गेल्या हंगामात भाड्याचा हार्वेस्टर दहा दिवस उशिरा आला आणि पाचवा हिस्सा गहू शेतातच गळला. यंदाही तसंच झालं तर निम्मी जमीन पडीक ठेवावी लागेल.

नवा हार्वेस्टर आवाक्याबाहेर. पलीकडचे मास्तर शेती सोडताहेत, त्यांचा जुना बघून आले. किल्ली फिरवताच सुरू झाला. रविवारी विसार देते आहे. हे म्हणतात, दादाला विचारल्याशिवाय तू चमचासुद्धा घेत नाहीस, म्हणून विचारते.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
धाकटी

दि. ७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

चमचा खुशाल घे, हार्वेस्टर थांबव. नव्या यंत्रांच्या किमती भडकल्या म्हणून सगळे जुन्यावर तुटून पडलेत. माझ्या जुन्या यंत्रांच्या दुकानातल्या गंजक्या पत्र्यालाही सध्या पाहुणे येतात. अशा बाजारात घाई करणारा फसतो.

सकाळी न सांगता जा. आधी इंजिनावर हात ठेव. गरम लागलं तर समज, तुझ्यासाठी चालवून ठेवलंय. थंड इंजिन सुरू होताना जे खोकतं, तेच खरं. माझी शाळा चौथीत सुटली, पण कान पदवीधर आहेत.

जावईबापूंना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा
दादा

दि. १२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गेले. इंजिन थंड होतं. चार वेळा किल्ली फिरवली तेव्हा कुठे धूर ओकत उठलं. मागच्या खेपेला गरम करून ठेवलं होतंत ना, असं मी मास्तरांना तोंडावर विचारलं. ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, सहा वर्षांपूर्वी तुझ्या भावानंच मला हा विकला, तेव्हाही इंजिन गरमच होतं. युक्ती मी त्याच्याकडूनच शिकलो.

हे पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. कापणीला पाच आठवडे उरलेत. काय करू ते सांग, आणि खरं सांग.

धाकटी

दि. १५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद देतो, पण जरा खाली मान घालून.

मास्तर खरं बोलले. तेव्हा दुकान नवं होतं, भूक मोठी आणि लाज लहान. हल्ली यंत्र थंडच सुरू करून दाखवतो. गिऱ्हाईक थोडं कमी मिळतं, पण परत येतं. मी माणसं विसरतो, यंत्र विसरत नाही. त्याचं इंजिन तेव्हाच थकलेलं होतं, पण कापणीची पाती आणि मळणीचा ड्रम दणकट आहेत. मास्तरांना निम्मा भाव सांग, देतील. इंजिन मी उघडतो. सुटे भाग माझे, मजुरीही माझी. आधी तुझा गहू काप, मग शेजाऱ्यांचा भाड्यानं. त्या भाड्यात पुढल्या पेरणीचं खत निघेल. जमीन पडीक ठेवायची भाषा बंद.

सोमवारी हत्यारपेटी घेऊन येतो. मास्तरांनाही बोलावून ठेव. त्यांची माफी मागायची आहे, आणि तुझ्यादेखत मागायची आहे, म्हणजे पुन्हा विसरणार नाही.

माया कमी करायचीच असेल तर सोमवारनंतर कर.

तुझा
दादा