मुदतीनंतर अकरा दिवस

मंगळवार, १८ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,

ताईचा अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही तिकडे बरे असाल असं धरून चालते. ह्यांचा गुडघा अजून कुरकुरतो, पण ह्यांच्या तोंडाइतका नाही. तुझ्या बायकोला आणि पोरींना मी विचारलंय म्हणून सांग. थोरलीची परीक्षा जवळ आली असेल.

वर्षभराने माझं अक्षर बघून भोवळ आली असेल तर आधी खाली बस. अक्षर लागत नसेल तर डोळे तपासू नकोस, दोष माझा आहे. एकतीस वर्षं वकीलसाहेबांकडे टायपिंग करून माझ्या बोटांना अक्षरं बडवायची सवय, काढायची नाही. हाताने लिहितेय कारण तू पाठवलेला लॅपटॉप मेलाय. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर दुसऱ्या मिनिटाला आपलं वाजेल, आणि मला आधी माझं सगळं ऐकवायचंय.

तर ऐक. शुक्रवारी वकीलसाहेबांची एक लांबलचक साक्ष टाइप करत होते. साहेबांनी ऑफिस बंद केल्यापासून आम्ही सगळे आपापल्या घरून काम करतो, हे तुला माहीत नसेल. टाइप करता करता ती बोट फिरवायची पाटी खालून फुगून वर आली आणि स्क्रीन काळाठिक्कर. मी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. ह्यांनी येऊन दोन चापट्या मारल्या, कारण ह्यांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू चापटीने सुधारते. काही नाही.

सोमवारी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. बाहेरून काचेचा महाल, आत टोकन घेऊन दीड तास बसायचं. भिंतीवर हसऱ्या लोकांचे फोटो. त्यातल्या एकाचाही लॅपटॉप बिघडलेला दिसत नव्हता. माझा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या गुळगुळीत माणसाने लॅपटॉप उलटा केला, खालचा नंबर टाकला आणि एखाद्याची कुंडली वाचावी तसं म्हणाला, "मॅडम, वॉरंटी तीन तारखेला संपली."

"अहो, शुक्रवारी चौदा तारीख होती! फक्त अकरा दिवस!"

"अकरा काय आणि अकराशे काय मॅडम, सिस्टिम घेत नाही."

सिस्टिम घेत नाही म्हणे. पैसे बरे घेते! त्याने झाकणसुद्धा उघडलं नाही. बाहेरूनच बोट फिरवलं आणि सांगितलं की बोर्ड गेलाय, बॅटरी गेलीय, वरची पाटीही बदलावी लागेल. एक कागद काढून दिला. मी आकडा बघितला आणि चष्मा पुसून परत बघितला. अरे, त्यात आणखी थोडी भर घातली तर नवाच येईल! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. वर तपासणीचे पैसे वेगळे, ते परत मिळणार नाहीत. डॉक्टरसुद्धा पैसे घेतात, पण निदान नाडी तरी धरतात. ह्याने कशाची नाडी धरली?

मी विचारलं, "एका वर्षात बोर्ड जातो कसा?" तर म्हणतो, "पाणी सांडलं असेल मॅडम. घरी होतं असं." चोराच्या उलट्या बोंबा! एकतीस वर्षांत माझ्या टेबलावर पेला आलेला नाही. साहेबांच्या एका कागदावर कधी डाग पडला नाही. आणि हा कालचा पोरगा मला सांगणार की मी पाणी सांडते! मी आवाज चढवला. रांगेतले लोक बघायला लागले. बघू देत. एक आजोबा मागून म्हणाले, "बरोबर आहे बाईंचं." मग मला आणखी चेव आला.

तो पुढे म्हणाला, "वॉरंटी वाढवून घ्यायची होती मॅडम. संपण्याआधी आम्ही तीन मेसेज पाठवलेत." मी म्हटलं, मला एकही आलेला नाही. तेव्हा त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. ज्याच्या नावावर खरेदी, त्याच्या नंबरवर गेले. म्हणजे तुझ्या.

शेवटी त्यालाच माझी दया आली की रांग पुढे सरकवायची होती, कोण जाणे. हळूच म्हणाला, "खरेदीदाराने लिहून दिलं की पार्सल कुरिअरकडे अडकलं आणि उशिरा मिळालं, तर वरच्या साहेबांकडे पाठवतो. एखाद्या महिन्याची सूट देतात कधीकधी."

तेवढ्यासाठी हे पत्र. तू एका कागदावर लिही की पार्सल वाटेत अडकलं होतं, बहिणीला डिसेंबरात मिळालं. खाली सही कर, सोबत बिल जोड. खोटं बोलायचं म्हणून मान हलवू नकोस. मी तेरा डिसेंबरला पहिल्यांदा सुरू केला, हे अगदी खरं आहे. नऊ आठवडे वापरलाय फक्त. त्याआधी मला त्याची गरज पडली नाही, एवढंच. कुरिअरवाल्याला ह्यातलं काही कळणारही नाही, त्याचं काय वाकडं होणार आहे?

वकीलसाहेब म्हणालेत की पुढच्या सोमवारपर्यंत थांबतो, नाहीतर दुसरी टायपिस्ट बघतो. एकतीस वर्षांनंतर ही भाषा! पण त्यांच्याशी मी नंतर बघून घेईन.

आणि आता तुझ्याशी. तुला तीन निरोप आले, तीन. मुदत संपतेय हे तुला ठाऊक होतं. मी इथे आंधळ्यासारखी बसलेय, हेही ठाऊक होतं. माझ्याशी बोलायचं नव्हतं तर नसतं बोलायचं, पण वेळ निघून चाललीय एवढं तरी कळवायचं होतंस. एक फोन करायला काय झालं होतं तुला?


गुरुवार, २० फेब्रुवारी

भुंग्या,

वरचं पत्र कालच टाकायचं होतं. पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं, आणि बंद करण्याआधी सवयीने एकदा वाचायला घेतलं. तपासल्याशिवाय मी कागद हातावेगळा करत नाही. शेवटच्या ओळीशी आले आणि पुढे वाचवेना. परत वाचली. माझंच अक्षर, माझाच तोरा. मी, आणि तुला विचारतेय की एक फोन का नाही केलास!

पाकीट पर्समध्ये कोंबलं आणि लॅपटॉप घेऊन बाहेर पडले. बँकेच्या मागच्या गल्लीत एक दुरुस्तीवाला बसतो. दुकान कपाटाएवढं, टेबलावर सगळी उघडी पडलेली यंत्रं, माणूस माझ्याच वयाचा, दोन चष्मे लावणारा. एक डोळ्यांवर, एक कपाळावर. त्याने टोकन दिलं नाही, मॅडम म्हटलं नाही. स्टूल पुढे सरकवलं, स्क्रू काढले आणि मला आत बघायला लावलं. बॅटरी टम्म फुगली होती.

"बाई, हा मध्ये किती दिवस बंद होता?"

"बंद कुठला? रोज सहा तास चालवते."

"आत्ताचं नाही विचारत. घेतल्यावर."

तो म्हणाला, "आठ-दहा महिने तरी नुसता पडून असणार. बॅटरी पार रिकामी होऊन तशीच राहिली की तिची वाट लागते. वापरून नाही गेली ही, ठेवून ठेवून गेलीय."

मला संताप आला. ह्याला कुणी विचारलं होतं? मी फटकारून विचारलं, "आणि बोर्ड?" तो म्हणाला, बोर्डाला धाड भरलेली नाही. संध्याकाळपर्यंत नवी बॅटरी घातली. लॅपटॉप सुरू झाला, साक्षही जशीच्या तशी सापडली. पैसे किती? चांगल्या चपलांच्या जोडाचे होतात तेवढे. आणि तो काचेच्या महालातला न बघता अख्खं यंत्र कापायला निघाला होता! त्याला मी सोडणार नाही. चार पानी तक्रार टाइप करून ठेवलीय.

म्हणजे आता तुझ्या बिलाची गरज नाही, सहीची तर नाहीच. हे म्हणाले, "मग ते पत्र फाडून टाक. कशाला उगाच हात दाखवून अवलक्षण?" फाडणार होते. पण तू मला एकदा खोट्यात पकडलं होतंस आणि मी चार लोकांत तुलाच खोटं पाडलं. आता त्याच तोंडाने तुझ्याकडून खोटं लिहून मागत होते. तेव्हा फोन लागत नव्हता, आता पार्सल पोचत नव्हतं. दर वेळी मधल्यावर ढकलायचं. बिचारा कुरिअरवाला तर तू पाठवल्यापासून सातव्या दिवशी दारात उभा होता.

पार्सल मीच घेतलं. पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, आणि न उघडता माळ्यावर टाकलं, ट्रंकेच्याही मागे. ह्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, त्याची भीक नको मला. डिसेंबरात साहेबांनी आपापलं मशीन आणा म्हणून सांगितलं तेव्हा खाली काढलं. खोक्यावर तुझी चिठ्ठी चिकटवलेली होती. "ताई, भांडण राहू दे. रविवारी सकाळी दहाला मी स्क्रीनसमोर बसेन, तूही बस." किती रविवार बसलास रे? आणि ती वाचूनसुद्धा मी नऊ आठवडे त्याच लॅपटॉपवर साक्षी टाइप करत राहिले, तुला एक ओळ पाठवली नाही. कारण समोर बसले असते तर तू विचारलंच असतंस.

तर विचारलंस असं समजून सांगते.

मी तुला फोन केला नाही. गेल्या वर्षी त्या शनिवारी सकाळी अण्णांना बघून डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या. मी व्हरांड्यात येऊन फोन काढला. तुझा नंबर काढला. आणि परत ठेवला. असं तीनदा केलं. लागत नव्हता हे मी नंतर रचलं, रविवारी दुपारी अण्णा गेल्यावर तुला फोन करताना, तोंडाला आलं ते.

असं का केलं? भुंग्या, सहा वर्षं मी लेक म्हणून त्यांचं सगळं केलं. त्यांचा रागराग, त्यांचं पथ्य, त्यांची अंथरुणं. तू वर्षातून दोन दिवस यायचास आणि हा माणूस उठून बसायचा! दाढी करायचा, विनोद सांगायचा, शेजाऱ्यांना बोलावून तुला दाखवायचा. तुझी पाठ वळली की पुन्हा भिंतीकडे तोंड. मला वाटलं, एक दिवस, एकच दिवस ते फक्त माझे असू देत. जातील असं वाटलं नव्हतं रे. मागे दोनदा तसेच परत आले होते. रविवारी सकाळी करू म्हटलं फोन. सकाळी ते कुणाला ओळखत नव्हते. मग तुला काय तोंडाने सांगू म्हणून आणखी लांबवलं.

तू तिसऱ्या दिवशी आलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "माझा फोन चालू होता, तू केलाच नाहीस." अक्षर न् अक्षर खरं होतं. आणि मी ओरडले, "सहा वर्षं कुठे होतास?" सगळे माझ्या बाजूने झाले. आत्या तुला नको ते बोलली. तू पिशवी उचलून निघून गेलास, जेवलाही नाहीस. मी जिंकले.

काल दुरुस्तीवाल्याकडून निघून सरळ आत्याकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. ती अजून माझ्याशी बोलत नाहीये. बरंच झालं. काका बाहेरगावी आहेत, आले की त्यांनाही सांगेन.

पण ज्यासाठी हे पत्र फाडलं नाही ते अजून लिहिलेलंच नाही. शनिवारी दुपारी अण्णा चांगले शुद्धीत होते. मला म्हणाले, "भुंग्या निघाला का?" मी म्हटलं, निघालाय. संध्याकाळी परत, "कुठवर आला?" मी म्हटलं, येतोय, पोचेलच. तेव्हा म्हणाले, "सावकाश ये म्हणावं, घाई करतो नेहमी." एवढंच. आणि दाराकडे तोंड करून झोपले.

तुझ्यासाठीचा निरोप होता तो. मी तो वर्षभर दाबून ठेवला. आत्यालासुद्धा तेवढा सांगितला नाही, तो आधी तुलाच कळायला हवा.

रागाव, शिव्या दे, पत्राला उत्तर देऊ नकोस. माफ कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण मी तुझ्या जागी असते तर केलं नसतं.

तुझा फोन त्या शनिवारी दिवसभर चालू होता हे पहिल्यापासून माहीत असलेली,
तुझी ताई