तुम्ही ठरवून आणलेलं नाव

दादा, गेल्या रविवारी तुमच्या नातवानं मला एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. त्याला आता बाळ होणार आहे, सूनबाईला सातवा लागलाय. दोघं मोबाईलवर नावं शोधतात, अर्थ वाचतात, हसतात, खोडतात. मी पोहे करत होते. तो ओट्यापाशी येऊन म्हणाला, "आई, अख्ख्या वस्तीतल्या पोरांची नावं आजोबांनी ठेवली म्हणतेस. मग माझं काय ठरवलं होतं त्यांनी?" मी पोह्यांवर झाकण ठेवलं आणि म्हणाले, "बघ बरं, दारात कोण आलंय." दारात कोणी नव्हतं.

तुम्ही साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होता, पण देवळाली प्रवऱ्याजवळच्या आपल्या वस्तीत तुम्हाला मान होता तो नावांसाठी. बाळंतिणीच्या घरचं कुणीतरी तिसऱ्या दिवशी यायचंच. "दादा, पोरगी झाली. नाव द्या." पंचांग, रास, अक्षर यांना वस्तीनं धम्म घेतला तेव्हाच रजा दिलेली, त्यामुळे सगळी भिस्त तुमच्यावर. आणि तुमचं काम काय एका बैठकीत व्हायचं! दोन दिवस विचार करणार, मग संध्याकाळी आईला घेऊन उसाच्या फडाकडं निघणार. आई त्या टोकाला, तुम्ही या टोकाला. इकडून तुम्ही नवं नाव घेऊन हाक मारायची आणि उसातून ती आईपर्यंत नीट पोचली तर तिनं ओ द्यायची. मग तेच नाव एकदा रागावून म्हणायचं, आणि शेवटी त्याच्यापुढं 'साहेब' नाहीतर 'मॅडम' लावून. यातल्या एकातही नाव अडखळलं की बाद. रस्त्यानं जाणारे सायकल थांबवून विचारायचे, "दादा, पोरगं हरवलं का काय?" आणि आई पदरात तोंड लपवून हसायची.

मी दहावीत असताना एकदा तोऱ्यात म्हणाले होते, "नावात काय एवढं? हाक मारल्याशी कारण." तुम्ही सायकलची साखळी पुसत होता. फडकं खाली ठेवलंत. "माझ्या आधीची दोन गेली, म्हनून माझ्या आईनं मला कचरू ठेवलं. मरनाची नजर पडू नये म्हनून. त्याचं मला काय न्हाई, बाई. पन पाटलाच्या घरात बी एक कचरू हाय. त्याला समदं गाव कचरूनाना म्हनतं. मी केस पिकल्यावर बी गेटवर कचऱ्याच." तुम्ही ओरडला नव्हता, तरी मला रडू आलं. "नाव आसं पायजे की राग आला तरी मानसाला ते पुरं घ्यावं लागंल," एवढं बोलून तुम्ही पुन्हा साखळीला लागलात.

हे सगळं ऐकूनसुद्धा मी काय केलं, दादा? नगरच्या ऑफिसात मला नोकरी लागली. (शहराचंही नाव आता बदललंय, अहिल्यानगर झालंय, माझ्या तोंडात अजून नगरच येतं.) सासरचं आडनाव कुठल्याही समाजात खपून जाणारं. डबा खाताना बायका माझ्यासमोर जे बोलायच्या, ते मी कोण हे माहीत असतं तर बोलल्या नसत्या. मी मान खाली घालून भाजी वाढून घ्यायचे. लाज वाटायची, आणि सुटल्यासारखंही वाटायचं. मुलगा झाला तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं. बाराव्या दिवशी तुम्ही एसटीनं आलात, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, हातात पेढ्यांचा पुडा. त्रिशरण झालं, पंचशील झालं. तुम्ही घसा साफ केलात, आणि नेमकं तेव्हाच मी नणंदेला म्हणाले, "ताई, सांगा ना बाळाच्या कानात." तिनं दोन अक्षरांचं गोड, कुठल्याच समाजाचं नसलेलं नाव सांगितलं. सगळ्यांनी फुलं टाकली. तुमचं फूल हातातच राहिलं होतं.

नंतर स्वयंपाकघरात येऊन तुम्ही एवढंच विचारलंत, "कुनी काढलं हे?" मी कढईकडं बघत म्हणाले, "सासरच्यांनी. त्यांच्यापुढं माझं काय चालतंय?" तुम्ही मान डोलावलीत. "सोपं हाय. चांगलं हाय," म्हणालात आणि पाणी मागितलंत. त्यानंतर चार वर्षं जगलात, पण त्याला त्या नावानं तुम्ही कधी हाक मारली नाहीत. "काय पाव्हनं, जेवला का?" म्हणायचात. सगळ्यांना ती तुमची थट्टा वाटायची, आणि तोही खिदळत तुमच्या मांडीवर चढायचा.

तुम्ही गेलात त्या दिवशी शेजारच्या मावशी माझा हात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुला पोरगं झालं तवा तुझा बाप आठ दिस उसाच्या कडंला एकलाच वरडत हुता. ओ द्यायला कुनी न्हवतं, मंग सोताच पळत त्या टोकाला जायाचा आन् सोताच ओ द्यायाचा. आमी लई हसलो बघ." मी नाव विचारलं. त्यांना आठवेना.

परवा मी मुलाला खरं सांगितलं, की तुम्ही नाव आणलं होतं आणि ते मला माहीत नाही. त्यानं हातातला मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाला, "चार वर्षं होती की आई. विचारलं का नाहीस?" मी म्हणाले, राहून गेलं. तेही खोटंच. हे पत्र त्याला दाखवावं असं वाटतं, पण दाखवणार नाही. तुम्हाला मात्र सांगते. सासरच्यांनी काही ठरवलं नव्हतं, दादा. ते नाव मीच शोधलं होतं, तुमची एसटी यायच्या आधीच घाईनं नणंदेला सांगून ठेवलं होतं. आणि तुम्हाला कधी विचारलं नाही, कारण तुम्ही आणलेलं नाव मला आवडेल, याची मला खात्री होती.