जुने ड्रायव्हर – उघडू नये

३, सोमवार. सकाळी ९.५०
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फाइलचं नाव ठेवलंय 'जुने ड्रायव्हर – उघडू नये'. मेला तरी कुणी उघडणार नाही.

साहेबांनी काम दिलं. माझा सोडून ऑफिसातल्या साठ कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम आणि सगळी सॉफ्टवेअर्स, सतरा तारखेच्या आत. जमलं तर मी संगणक विभागप्रमुख. काचेची केबिन, दारासकट! (सध्या झेरॉक्स मशीनला पाठ लावून बसतो. पाठ कायम गरम.) नाही जमलं तर जन्मभर प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढायचे.

पद्धत सोपी. सर्व्हरवर एक मास्टर, म्हणजे तयार नमुना, ठेवायचा. कॉम्प्युटर चालू केला की नेटवर्कवरून मास्टर आपोआप उतरतो. माणसाने नुसतं बसायचं. साहेबांना म्हटलं, तीन दिवस पुष्कळ झाले. त्यांनी मान डोलावली. कळत काही नाही, पण मान सुरेख डोलावतात.

४, मंगळवार. ९.३५
काल घरी सांगून टाकलं, केबिन पक्की. ही म्हणाली, आधी ऑर्डर हातात पडू दे. हिला दूरदृष्टी नाही.

११.०० पहिली चाचणी, टपालवाल्या बाईंच्या कॉम्प्युटरवर. बाई दर पाच मिनिटांनी विचारतात, झालं का. बाई की गजराचं घड्याळ?
११.४० सदतीस टक्के.
१२.२० सदतीसच. बाईंना सांगितलं, खोल काम चाललंय.
१.०५ लाल अक्षरात लांबलचक आकडा. खाली लिहिलंय, तपशिलासाठी लॉग पाहा.

लॉग म्हणजे मशीनने स्वतः लिहिलेली रोजनिशी. किती वाजता काय केलं, कुठे अडलं, का अडलं. चार हजार ओळी! वाचणारे वाचोत बापडे. अनुभवी माणसाला नुसता वास येतो. दोष केबलचा आहे.

५, बुधवार
केबलरावला झापलं. (ऑफिसातल्या केबल ओढणारा. नाव मीच पाडलंय. तोंडातून दिवसाला चार शब्द.) त्याने मुकाट्याने सगळी केबल बदलली. तरी सदतीस. मग विचारतो, तू लॉग वाचलास का. चारही शब्द तिथेच खर्च केले.

संकल्प : उद्या लॉग वाचायचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

६, गुरुवार
लॉग उघडला. अक्षर फार बारीक. चष्मा घरी. संकल्प उद्यावर.

७, शुक्रवार. १०.१५
चष्मा आणला. लॉग उघडणार तोच साहेब आले. विचारतात, लॉग काय म्हणतो? हा शब्द यांना कुणी शिकवला? केबलरावनेच. घरभेदी मेला! मी म्हटलं, लॉग अनुकूल आहे. साहेबांनी मान डोलावली.

३.०० बसवत नाही. पाय आपोआप हलतोय. टपालवाल्या बाई म्हणाल्या, टेबल हलतंय, शिक्के वाकडे पडतायत. जिन्यावर जाऊन उभा राहिलो. तिथेही पाय हलतोच.

१०, सोमवार. ९.३०
शनिवारी घरी तोंडातून निघून गेलं, ऑर्डर निघाली म्हणून. का म्हटलं, देव जाणे. रविवारी ही बाजारातून आली ती थेट पाटी करवून. पितळी. 'संगणक विभागप्रमुख'. नाव नाही, नुसता हुद्दा. नावही कोरलं की हुद्दा लहान पडतो, असं पाटीवाला म्हणाला म्हणे. हिचा चेहरा इतका फुलला होता की खरं सांगवेना. पाटी बॅगेत आहे, सोबत चार स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर. खांदा दुखतोय.

४.१५ केबलरावला सापडलं. मास्टरमध्ये नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरच, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅमच, नव्हता. त्यामुळे कॉम्प्युटर अर्ध्या वाटेत बहिरा व्हायचा. लॉगच्या बाराव्या ओळीत लिहिलं होतं म्हणे. मी म्हटलं, मला संशय होताच.

५.१० सदतीस ओलांडलं! एकसष्टवर अडकलं.

११, मंगळवार. २.४०
एकसष्ट. एकसष्ट. एकसष्ट.

खरं लिहू? इथे कोण बघतंय. मला यातलं काही कळत नाही. बारा वर्षं मी लोकांचे कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करतोय आणि लोक थँक्यू म्हणतायत. कुणाला कळलं तर?

४.०० वरचं खोडायचं राहू दे. भूक लागली होती म्हणून लिहिलं गेलं.

१२, बुधवार. ११.३०
सापडलं! माझा स्वतःचा कॉम्प्युटर ठणठणीत आहे. सिस्टिम नवी, सगळी सॉफ्टवेअर्स आहेत. त्याचाच मास्टर घ्यायचा. साठच्या साठ अगदी माझ्यासारखे! ऑफिसचं भाग्य उजळलं. ही फाइल आता बंद करतो. मास्टर घेताना काही उघडं नको, काळजी घेतलेली बरी.

२.१० मास्टर तयार. 'पूर्ण. सूचना : एक. लॉग पाहा.' एक सूचना म्हणजे नसल्यातच जमा.

१३, गुरुवार
केबलराव म्हणतो, आधी एकावर उतरवून बघू. मी म्हटलं, घाबरटांनी केबल ओढाव्यात. तो गेला केबल ओढायला.

१४, शुक्रवार. ४.००
सगळ्यांना लवकर घरी पाठवलं. सर्व्हरवर 'सर्व' निवडलं. बटण दाबलं.
४.३५ सदतीस ओलांडलं.
४.५० एकसष्ट ओलांडलं!
५.२५ साठपैकी साठ. हिरवं, हिरवं, हिरवं. आनंदाच्या भरात झेरॉक्स मशीनला थोपटलं. साहेबांना फोन केला. सोमवारी पत्र देतो म्हणाले. मान डोलावली असणार, फोनवर दिसत नाही.

१७, सोमवार. ९.४०
नवा शर्ट. बॅगेत पाटी.

१०.०५ ऑफिसात विलक्षण शांतता. सगळे स्क्रीनमध्ये बुडालेत. एकही तक्रार नाही. याला म्हणतात सिस्टिम.
१०.२० टपालवाल्या बाई जवळून गेल्या. म्हणाल्या, खोल काम चाललंय. कशाबद्दल, ते कळलं नाही.
१०.३० दुसऱ्यांदा आल्या आणि टर्र्र असा गजराचा आवाज काढून गेल्या.
१०.३१ असं कसं?
१०.३३ बाईंच्या स्क्रीनवर पाहिलं. वर डाव्या कोपऱ्यात, 'जुने ड्रायव्हर – उघडू नये'.
१०.३५ केबलरावच्या स्क्रीनवरही.
१०.३६ साहेबांच्याही.

११.१५ सर्व्हरवरून हुकूम सोडला, सगळीकडची फाइल उडव. सदतीस टक्के.

१२.०० हाताने एकेक पुसतोय. प्रत्येक टेबलापाशी उभं करून ठेवतात. एक म्हणाले, जरा थांबा, दहा तारखेपर्यंत आलोय. दुसऱ्या म्हणाल्या, अय्या, बारा तारखेनंतरचं कुठाय? कोपऱ्यातल्या एकीने नुसतं पाहिलं आणि मला पाणी दिलं. तिचं वाचून अकरा तारीख झाली असावी.

४.३० शेवटी लॉग वाचला. चष्मा न लावता. दुसरीच ओळ : 'या कॉम्प्युटरवरील वैयक्तिक फाइलीही मास्टरमध्ये घेतल्या आहेत. नको असल्यास काढाव्यात.' मराठीत. ठळक अक्षरात.

१८, मंगळवार. साध्या वहीत, पेनने.
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, तुमचा लॉग वाचला. सगळा. मी हात जोडून मान डोलावण्याबद्दल बोलायला लागलो, तर त्यांनी थांबवलं. म्हणाले, ते खरंच आहे, मला कळत नाही म्हणूनच डोलावतो. पण मला वाटायचं, तुम्हाला कळतं.

घरून निघताना सात सबबी पाठ केल्या होत्या. एकही आठवली नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

केबिन केबलरावला. त्याने साठांतल्या राहिलेल्या चुका लॉग वाचून दोन तासांत काढल्या.

३.३० केबलराव माझ्या टेबलाशी आला. झेरॉक्स मशीनपाशी घुटमळला. मग म्हणाला, पाटी आहे ना तुझ्याकडे? वाचलं होतं त्याने. चेहऱ्यावर छद्मीपणा नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणाला, राहू दे हवं तर, मी दुसरी करवीन. मी म्हटलं, नाव नाही तिच्यावर, कुणालाही चालेल.

मीच लावली. चार स्क्रू. पहिल्या फटक्यात, एकदम सरळ. काचेत माझा चेहरा दिसत होता, तो न बघता लावली.

५.४० आता घरी जायचं. ही दारातच विचारणार, पाटी लावलीस का केबिनला. लावली म्हणेन. यात एक अक्षर खोटं नाही.