कार्डावरचा चौकोन

मंगळवार, ४ मार्च
लेख छापून आला! नवं डिजिटल ओळखपत्र कुणीही मागतो, आपण मुकाट्याने दाखवतो, म्हणून दाखवा पण झाकून — असा उपदेश. सोबत नमुन्याला धाकट्या बहिणीचं कार्ड. (माझ्या कार्डावर मी फरारी दिसतो.) ती आधी नकोच म्हणत होती. नवऱ्याचं घर सोडल्यापासून नवा पत्ता ती कुणाला कळू देत नाही. म्हटलं, अगं, चेहरा, नाव, नंबर, पत्ता, सगळं काळं करून कृष्णार्पण करतो. हसली, दिलं.

बुधवार, ५ मार्च
संपादक खूश. म्हणे, शास्त्रीबुवा, या खेपेला वाचकांना कळलं.

गुरुवार, ६ मार्च
सकाळी चहा घेताना बायकोला फुशारकीने दाखवायला गेलो — दुकानात असा फोन धरतात. धरला तो छापलेल्या कार्डावरच. कोपऱ्यातला क्यूआर कोडचा काळा-पांढरा चौकोन! फोनवर बहिणीचं नाव. जन्मतारीख. पत्ता, मजल्यासकट.

"हे झाकायचं राहिलं का?" बायकोने विचारलं.

राहिलं नाही. मीच ठेवलं. त्याशिवाय कार्ड कार्डासारखं दिसेना. आणि खाली मोठ्या झोकात ओळ — 'बहिणीच्या सौजन्याने'. गोपनीयतेची व्युत्पत्ती सांगण्यात अर्धा रकाना घालवला होता. गुप् म्हणजे रक्षण करणे!

वेबसाइटवरून चित्र काढायला लावलं. घरोघरी गेलेला अंक कसा काढणार? बहिणीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, तो तुझे लेख एकही सोडत नाही."

शुक्रवार, ७ मार्च
काल संध्याकाळी तो तिच्या इमारतीखाली उभा होता. हातात पेपरची घडी. वॉचमनने वर सोडला नाही. आज मी गेलो तर ती सामान बांधत होती. माफी मागायला तोंड उघडलं, तर बाहेर पडलं — 'माझ्याकडून अक्षम्य प्रमाद घडला'. स्वतःचीच किळस आली. ती म्हणाली, भाषण नंतर, आधी ही दोरी धर.

रविवार, ९ मार्च
खुलासा छापायचा आहे. संपादकांनी 'अनवधानाने' घातलं. मी खोडलं. त्यांनी पुन्हा घातलं.

मंगळवार, ११ मार्च
टेम्पो भरून झाला. ड्रायव्हरने विचारलं, कुठे जायचं? बहीण माझ्याकडे बघत राहिली.

"दादा, तू नीघ आता."

निघालो.