शेवगावच्या पाण्याचा रंग

१९ नोव्हेंबर १९७३, सोमवार

दात तुटला! वरचा, अगदी पुढचा!

शाळेतल्या हापशाचा दांडा मुली अर्धवट मारतात आणि पाणी येत नाही म्हणून कुरकुरतात. म्हटलं, थांबा, दाखवते. दांडा पार खाली नेला, हात सटकला आणि तो उसळून थेट माझ्या तोंडावर. सातवीचा अख्खा वर्ग बघत होता. एकीलाही हसू आलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. आमच्या शाळेतल्या शिपाईण रंगुबाईंनी चिखलातून तुकडा शोधला, पदराला पुसला आणि हातावर ठेवला. "ठिवा बाई जपून, डाक्टर चिकटवून दील." म्हणजे आता अर्धा दात तोंडात आणि अर्धा कागदाच्या पुडीत.

२० नोव्हेंबर

दिवसभर पदर तोंडावर. 'स' म्हटलं की शिट्टी वाजते! समच्छेद अपूर्णांक शिकवायचे होते, ते पुढे ढकलले. वर्तुळ घेतलं. केंद्र, त्रिज्या, परीघ — एकातही 'स' नाही.

आई म्हणते सोन्याचा बसव, शेजारच्या केशरबाईसारखा. "चार मान्सांत दिसतंय तरी." बाबा म्हणाले, "मरिया, ती वर्गात गणित शिकवते, सराफाचं दुकान चालवत नाही." बाबा तीस वर्षं मास्तर होते. आई अजून त्यांना दाद देत नाही.

नगरला दातांचे नवे डॉक्टर आलेत म्हणे. अब्राहाम भिंगारदिवे. मुंबईला शिकून आले आहेत. शनिवारी सकाळची शाळा झाली की निघते.

२४ नोव्हेंबर, शनिवार

कुठून सुरुवात करू?

जिना चढून गेले तर बाहेर त्यांची आई बसलेली, रतनबाई. त्याच एकेकाला आत सोडतात. आत डॉक्टर. उंच, किडकिडीत, कान जरा पुढे आलेले. पुडीतला तुकडा दाखवला. गंभीरपणे हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "याला आता निवृत्त करू."

मग सगळं समजावून सांगितलं. उरलेला दात कडेनं घासून बारीक करायचा आणि त्यावर टोपीसारखा पोकळ दात चढवायचा. टोपी कशाची? सोन्याची केली तर जन्मभर टिकेल, "पण बाई, तुमच्या आधी तुमचा दात वर्गात शिरेल." प्लॅस्टिकची स्वस्त, इथल्या इथे होते, पण चहानं पिवळी पडते आणि झिजते. चिनीमातीची सगळ्यात सुरेख! खऱ्या दातासारखा उजेड तिच्यातून आरपार जातो. फक्त ती मुंबईच्या भट्टीत भाजून यायला हवी, आणि एकदा भाजली की रंग बदलता येत नाही. म्हणून आधी प्लॅस्टिकची बसवून रंग बघायचा, जुळला की तोच रंग मुंबईला कळवायचा. मूळ उखडलं असतं तर काय, असं मी विचारलं. म्हणाले, परदेशात आता जबड्याच्या हाडात धातूचं पातं रोवून त्यावर दात उभा करतात. माझं मूळ शाबूत आहे. देवाची कृपा!

मग रंग बघणं. माझी लाल साडी राखाडी कापडानं झाकली — लालाची झाक दातावर पडते म्हणे. खिडकीपाशी उभं केलं. एका पट्टीवर ओळीनं दात लावलेले, बांगडीवाल्याच्या नमुन्यांसारखे. एकेक माझ्या दातांशेजारी धरायचे. मध्येच नजर काढून भिंतीवरच्या निळ्या कागदाकडे बघायचे. पिवळं फार वेळ पाहिलं की डोळा थकतो, निळ्यानं ताजा होतो. म्हणजे माझ्याकडे क्षणभर, निळ्याकडे क्षणभर, पुन्हा माझ्याकडे. मी कुठे बघायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. मी कानांकडे बघितलं.

मग त्यांनी विचारलं, "दातांवर ही तपकिरी झाक कशाची?"

तोंडात त्यांची दोन बोटं होती. ती काढून घेईपर्यंत मला विचार करायला वेळ मिळाला. तोच घात झाला. मी म्हणाले, "पाणी. आमच्याकडच्या बोरिंगचं पाणी तसलंच आहे."

"असं?" डॉक्टर म्हणाले.

पाणी कसलं डोंबलाचं! मिसरी आहे ती. तव्यावर जाळलेली तंबाखू, रोज सकाळी, आईच्या डबीतली. पंधराव्या वर्षी दाढ दुखली तेव्हा आईनंच बोटावर दिली, तेव्हापासून. आणि मी दर सोमवारी मुलींचे दात तपासते आणि मिसरीवाल्या मुलीला बाकावर उभं करते!

२५ नोव्हेंबर

आजपासून बंद. कायमची.

२६ नोव्हेंबर, सोमवार

डोकं ठणकतंय. दात तपासले. तिघी सापडल्या. एकीलाही उभं केलं नाही.

२८ नोव्हेंबर

पोटानं संप पुकारलाय. आई म्हणते, "चिमूटभर लाव, समदं मोकळं हुईल." लावली नाही. मीठ आणि कोळशाच्या भुकटीनं दात खसखसून घासले. हिरड्या सोलून निघाल्या, पण दात चकाकताहेत!

१ डिसेंबर, शनिवार

आज दात घासून बारीक केला. सुई टोचली, दुखलं नाही, पण यंत्राचा आवाज थेट कवटीत जातो. मी त्यांची बाही घट्ट धरली होती हे सगळं झाल्यावर कळलं. बाही चुरगळलेली. मेणासारखं काहीतरी तोंडात दाबून ठसा घेतला. तोंड भरलेलं असताना विचारतात, "शाळेत किती मुली आहेत? तुम्हाला गणितच आवडतं का?" मी आपली "आं, आं." निघाले तेव्हा दोन तासांत मी एक धड वाक्य बोलले नव्हते आणि त्यांना माझ्याबद्दल सगळं माहीत झालं होतं.

८ डिसेंबर, शनिवार

टोपी बसली, आणि रंग चुकला! पंधरवड्यामागे जुळवलेला दात आता शेजाऱ्यांहून काळपट दिसतो. डॉक्टरांनी आरशात बघितलं, खिडकीत नेऊन बघितलं, निळ्या कागदाकडे बघितलं. "त्या दिवशी तर नेमका जुळत होता," म्हणाले. कपाळावर आठी पडली. मी चेहरा भाबडा ठेवला. दुसरी करायला हवी. म्हणजे पुन्हा यायला हवं!

निघताना म्हणाले, "येताना त्या बोरिंगचं पाणी बाटलीत आणाल का?"

९ डिसेंबर

आणखी शनिवार! चर्चमध्ये उपासनेत बाबांनी कोपरानं ढोसलं, मी भलतंच गीत उघडून बसले होते.

१२ डिसेंबर

सहामाहीचे पेपर तपासायचेत. डोकं जड, पोट दगड. लावली. एक चिमूट. मग वाटलं, एक लावलीच आहे तर दुसरीनं काय होतंय.

१४ डिसेंबर

काल लावली. आजही. दोनदा.

१५ डिसेंबर, शनिवार

व्हायचं तेच झालं. नवी टोपी उजळ केली होती, आणि माझे दात पुन्हा तपकिरी! पुढचा दात चुन्यानं सारवल्यासारखा दिसायला लागला. रतनबाई चहा घेऊन आत आल्या, एकदा दाताकडे बघितलं, एकदा लेकाकडे बघितलं आणि चहा ठेवून गेल्या.

डॉक्टर मात्र चिडले नाहीत. उलट डोळे चमकायला लागले. बाटलीतलं पाणी उजेडात धरून हलवलं. (बाटली खोकल्याच्या औषधाची. धुतली होती, तरी वास येत होता.) म्हणाले, "बाई, हे फार नवलाचं आहे. पाण्यानं डाग पडतात हे ठाऊक आहे, पण दर आठवड्याला उजळणारे आणि काळवंडणारे दात कुणी पाहिले नसतील." जानेवारीत पुण्याला दातांच्या डॉक्टरांची सभा आहे. तिथे शेवगावच्या पाण्यावर निबंध वाचणार आहेत! माझ्या दातांचे फोटो दाखवणार आहेत!

माझ्या पायाखालचं पायपुसणं सुद्धा हललं.

१६ डिसेंबर

काय करू? सांगितलं तर त्यांच्या लेखी मी खोटारडी मिसरीवाली. नाही सांगितलं तर पुण्यात भर सभेत कुणीतरी फोटो बघून म्हणेल, "अहो, ही तर मिसरी!" आणि सगळे हसतील. त्यांचे कान लाल होतील. मी ते कान ओळखते. ते लाल झालेले मला सोसवणार नाहीत.

हे आज पहिल्यांदा लिहिलं. लिहून झाल्यावर खोलीभर फिरून आले.

२५ डिसेंबर, नाताळ

गाणाऱ्यांत पुढच्या रांगेत उभी राहिले. चुन्याच्या दातासकट! केशरबाई म्हणाली, "दया, तुझा दात लांबूनच दिसतोय बघ, माझ्यापरीस." आईला फार बरं वाटलं.

२९ डिसेंबर, शनिवार

सांगितलं.

म्हणजे तोंडानं नाही. खुर्चीत बसले, त्यांनी "आ करा" म्हणायच्या आत आईची डबी त्यांच्या हत्यारांच्या ताटलीत ठेवली. चिमटे, आरसा आणि डबी. त्यांनी झाकण काढलं, वास घेतला, झाकण लावलं. मी म्हणाले, "पाण्याचा काही दोष नाही. पुण्याला निबंध वाचू नका. तुम्हाला हसतील ते मला चालणार नाही."

ते खिडकीकडे गेले. पाठ माझ्याकडे. खांदे हलत होते असं मला वाटलं — रागानं असेल.

वळले तेव्हा चेहरा गंभीर होता. "तीन आठवडे एक चिमूटही नाही. मग खरा रंग बघू. तोच मुंबईला कळवू." एवढंच. डबी परत दिली नाही.

७ जानेवारी १९७४

डोकं दुखतंय, पोट बिघडलंय, मुलींवर खेकसते. लावली नाही.

मिसरीवाल्या तिघींना मधल्या सुट्टीत बोलावून सांगितलं की बाईंनीही सोडली आहे. तिघींनी अशा नजरेनं बघितलं की मला ओशाळं झालं. मग एक म्हणाली, "बाई, लवंग धरा तोंडात. माझी मावशी तसंच करती." आता चौघी लवंग धरतो.

१९ जानेवारी, शनिवार

आज आधी दात यंत्रानं घासून स्वच्छ केले. मग राखाडी कापड, खिडकी, नमुन्यांची पट्टी. ओला दात, कोरडा दात, दोन्ही बघितले. निळ्या कागदाकडे मात्र एकदाच बघितलं. "हा," म्हणाले. माझा रंग इतका फिका आहे हे मलाच माहीत नव्हतं! टोकाला जरा काचेसारखा, मुळाशी दुधावरच्या सायीसारखा. शेजारच्या दातावर एक बारीक पांढरा ठिपका आहे, तोही चिनीमातीत काढायला सांगणार आहेत. म्हणाले, "अगदी बेदाग दात खोटा दिसतो."

पुण्याच्या सभेचं विचारायचा धीर झाला नाही.

२ फेब्रुवारी, शनिवार

बसला! कापसाच्या पेटीत मुंबईहून आला होता, तांदळाएवढा हलका. सिमेंट लावून बसवला, अंगठ्यानं धरून ठेवला. जिभेलासुद्धा कळत नाही कुठला आपला आणि कुठला भट्टीतला. आरशात बघून मी हसले, मग कशी दिसते म्हणून हसले, मग थांबताच येईना. ते आरसा धरून उभे होते. त्यांनी तो खाली घेतलाच नाही.

"सुपारी फोडू नका, ऊस दातानं सोलू नका," म्हणाले. मी हो म्हणाले. पुढच्या शनिवारचा विषय कुणीच काढला नाही.

परतीच्या एसटीत कळलं, आता नगरला जायला काही निमित्तच उरलं नाही. इतका सुंदर दात तोंडात आणि रडू येत होतं.

५ फेब्रुवारी

'स'! सविता, सुमन, सरोज, सकाळ, समच्छेद! आज सगळं शिकवलं. बाकीचे दात पण धडधाकट आहेत. एकही दुखत नाही मेला.

१० फेब्रुवारी, रविवार

उपासनेहून घरी आले तर पडवीत बाबांशेजारी डॉक्टर. "सलाम, बाई," म्हणाले. मी सलाम न घेताच आत पळाले. आत चुलीपाशी आई आणि रतनबाई मांडीला मांडी लावून, दोघींची बोटं मिसरीत!

रतनबाई म्हणाल्या, "ये पोरी. तू आलीस त्याच दिशी मला वास आल्ता. तू जिना उतरायच्या आत म्या त्याला सांगितलं, पोरगी मिसरी लावती. तर म्हनला, आई, गप ऱ्हा, पानी हाय म्हनती तर पानी हाय. म्हंजी पुन्यांदा यील."

"आणि पुण्याची सभा?"

"कसली सभा?"

रागवायला हवं. उद्या रागवेन.