हाडांना हात न लावता

३ सप्टेंबर, संध्याकाळ
आज कॉलेजातून हाडं मिळाली. दोघींत मिळून एक बैल, गोणीत भरलेला. सेट जुना आहे, म्हणजे बरीच वर्षं मुलींच्या खाटांखाली राहून आलेला. वास: ओलं कुत्रं आणि खवट तूप. गोणी सुगनानं खांद्यावर टाकून खोलीवर आणली. मी पुढे होऊन दारं उघडली. कामाची वाटणी मला योग्य वाटली.

सुगना गोदारा माझी रूममेट. नागौरकडची जाट, घरी दावणीला म्हशी, त्यामुळे तिला कशाचीच किळस नाही. गोणी सरळ माझ्या खाटेखाली सरकवू लागली. मी म्हटलं, आधी ही धुतली पाहिजेत. तर म्हणते, साध्वीजी, बैल मेला तेव्हाच त्याला आंघोळ घालायला सांगायचं होतंत. पण धुतली बिचारीनं. बाथरूममध्ये एकेक हाड, साबण लावून. मी दाराबाहेर नाकाला ओढणी लावून उभी होते आणि नीट घास, नीट घास असं सांगत होते.

ज्या जैन घरात पावसाळ्यात हिरव्या गवतावर पाय पडू देत नाहीत त्या घरातली मुलगी इथे जनावरांच्या डॉक्टरकीला का, असं वर्गात सगळे विचारतात. कारण साधं आहे. दादोसा, म्हणजे माझे आजोबा, नोख्याच्या पांजरापोळाचे ट्रस्टी. लंगडी-आंधळी जनावरं येतात, डॉक्टर येत नाही. म्हणून घरातूनच एक डॉक्टर काढायचा ठरलं, आणि पाठांतरात मी पुढे. बाऊजींची अट एकच: पहिलं वर्ष एका दमात पास. नाहीतर घरी ये आणि बी.कॉम. कर.

निश्चय: किळस म्हणजे अज्ञान. दिवाळीपर्यंत संपवायची.

७ सप्टेंबर
सुगनानं हाडं जमिनीवर मांडली, मी खाटेवरून बघितली. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी, म्हणजे पटेला, नाही. सुगना म्हणते, धुताना तर होती. शरीररचना शिकवणाऱ्या भाटी मॅडमकडून दुसरी मागून आणू का, असंही म्हणाली. मी म्हटलं, कशाला? नाव आपल्याला येतंच आहे. एवढंसं हाड. एक कमी तर कमी.

किळस अजून आहे, पण पहिल्यापेक्षा वेगळी.

१५ सप्टेंबर
शांतपणे विचार केला. हाताळल्यानं ज्ञान वाढतं असं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. पुस्तकात लिहिलेली आहेत ती नावं.

शाळेत जायच्या आधी मला भुवासांनी शिकवलं, बाऊजींच्या थोरल्या बहिणीनं. प्राकृत पाठ माझ्याकडून अर्थ न सांगता म्हणून घ्यायच्या. अर्थ मागाहून आपोआप येतो म्हणायच्या. थोडा आला आहे, उरलेला येईल. तीच पद्धत इथे लावायची. सामायिक, म्हणजे रोजची ध्यानाची बैठक, झालं की त्याच आसनावर बसून हाडं, सांधे, स्नायू, सगळं चालीवर. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस फार गोड बसतं. (आसन तेच वापरल्यानं दोष लागतो का, भुवासांना विचारायचं. वेगळं आसन घेणं बरं.)

सुगना म्हणाली, म्हण, म्हण. बैल उठून बसला की मला सांग.

४ ऑक्टोबर
डिसेक्शन सुरू. टेबलावर रेडकू. फॉर्मालिननं डोळे चुरचुरतात. कातडं आधीच काढलेलं, खालचे स्नायू भिजलेल्या चामड्याच्या रंगाचे. त्यांच्यातून मुलं बोटं घालतात. बोटं! मग तीच बोटं धुऊन समोसे खातात. धुतात का, हेही मी खात्रीनं सांगू शकत नाही.

मी तिसऱ्या ओळीत उभी राहते, उंच मुलाच्या मागे. तिथून एकूण आवाका कळतो. भाटी मॅडम मला आडनावानं हाक मारून म्हणाल्या, बैद, पुढे ये, ते आता लाथ मारत नाही. मी म्हटलं, सर्दी आहे. तेव्हा नव्हती, पण लगेच मला शिंका आल्या, त्यामुळे ते खोटं धरता येणार नाही.

मेसमध्ये बेसनाच्या गट्ट्यांची भाजी. आडवा कापलेला स्नायू, हुबेहूब. उठून आले.

९ ऑक्टोबर
आज केर-सांगरी, वाळवंटातल्या सुक्या शेंगांची भाजी. सांगरी म्हणजे वाळलेल्या कंडरा. दुसरं काहीही नाही. हे मला आजवर कसं दिसलं नव्हतं? पापड भाजून आला तर त्यातही पोटातला पडदा दिसला. ताक प्यायले.

डिसेक्शनहून आलं की आंघोळ, तीन बादल्या. वॉर्डनबाई दारावर थापा मारतात, बीकानेर आहे हे, तुझ्या बापानं कालवा आणलाय का? बोलू देत. बाथरूमच्या खिडकीत कोणीतरी चांगली वज्री ठेवली आहे. एका बाजूनं खडबडीत, दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत, तळहातात बरोब्बर बसते. तिनं तळवे, कोपर, टाचा घासते. या हॉस्टेलात तेवढी एकच वस्तू मनासारखी स्वच्छ आहे. वापरून झाली की मी ती धुऊन जागेवर ठेवते.

२२ ऑक्टोबर
मोठी प्रगती. आता मला खाटेवर बसून सगळी हाडं ओळखता येतात. निळ्या ऑइलपेंटचा थेंब पडलाय तो खांद्याचा फरा, स्कॅप्युला. ज्याच्या डोक्यात गंजकी तार आहे ते मांडीचं, फीमर. प्लास्टरचा डाग असलेली नडगी. कोपरा फुटलेलं ते खुराच्या वरचं. सुगना एकेक वर धरते, मी तोंड फिरवायच्या आत नाव सांगते, डावं-उजवंही. ती म्हणाली, अगं पण हा रंग दुसऱ्या बैलाला नसेल. मी म्हटलं, हेवा वाटत असेल तर तसं सांग.

निरीक्षणशक्ती म्हणतात ती हीच. माझं नाव प्रेक्षा ठेवणाऱ्यानं विचार करूनच ठेवलं असणार.

८ नोव्हेंबर, नोखा
दिवाळीची सुट्टी. घरी आंघोळीला पुष्कळ पाणी, जेवण सूर्यास्ताच्या आत, कोणाच्याही अंगाला फॉर्मालिन नाही. टाचांना मात्र वज्रीची आठवण येते.

दादोसा मला पांजरापोळात घेऊन गेले. धोली म्हणून पांढरी गाय आहे. तिचा मागचा डावा पाय चालता चालता मागे ताठ होतो, खूर घासत नेते, मग झटका बसून सुटतो. आता फार चालतच नाही. बसून बसून अंगाला फोड आले आहेत. त्यांचा वास आला. मी दोन पावलं मागे सरले आणि तिथूनच बघितलं. वाटी जागेवरून वर सरकून अडकते, तेच. पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला. मी तो म्हणून दाखवला, स्नायूंच्या आणि बंधांच्या नावांसकट, थोडासा चालीवर.

ट्रस्टी मंडळी माना डोलावू लागली. एका काकोसांनी तर हातच जोडले. दादोसांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की मुलगी पास होऊन आली की धोलीला उभी करणार.

भुवासा तेवढ्या म्हणाल्या, बेटा, हात लावून बघ ना, कुठे आहे ती वाटी?

मी सांगितलं, आधी डोळ्यानं निदान करायचं असतं, हात नंतर. भुवासांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. पाठ चुकला की बघायच्या तसं.

निश्चय: परीक्षा झाल्यावर पहिला हात धोलीला.

१४ जानेवारी
सुगना बातमी घेऊन आली. बाहेरून जे परीक्षक येणार आहेत त्यांची रीत अशी की हाड दाखवायचं नाही. लाल कापडाची थैली असते, नाडी ओढलेली. आत हात घालायचा, चाचपायचं, नाव सांगायचं, डावं का उजवं सांगायचं. डॉक्टरला जनावराच्या कातड्याखालचं बघायला डोळे नसतात, असं ते म्हणतात म्हणे.

मला हे असंस्कृतपणाचं वाटतं.

रात्री जेवले नाही. सूर्यास्तानंतर मी जेवत नाहीच, पण आज आधीही जेवले नाही.

२० जानेवारी
सराव. उशीच्या अभ्र्यात सुगना हाड टाकते, मी हात घालते. हातात मोजा. पहिल्या दिवशी लोकरीचा, मग सुती. कालपासून मोजा नाही! हाडाला लागलेला हात मी लांब धरून ठेवते आणि त्यानं दुसरं काही करत नाही, पण हात लावला ही गोष्ट खरी आहे. स्पर्श तेलकट. विझलेल्या मेणबत्तीसारखा, आणि ती मेणबत्ती कोणाची तरी मांडी होती.

आणि सगळी बरोबर आली! रंगाचा थेंब अंगठ्याला लागतो. तार टोचते. प्लास्टर खरखरतं. सुगना कपाळाला हात लावून म्हणाली, तुझं काही खरं नाही. मी म्हटलं, निकाल लागू दे.

किळस संपत आली आहे असं म्हणायला हरकत नाही. आंघोळ आता दोन बादल्यांत होते. टाचा आरशासारख्या आहेत, मॅडमसुद्धा बघतील तर लाजतील.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
प्रॅक्टिकल झालं. शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

परीक्षक जाडे, मिशीवाले, आवाज मऊ. आधी तोंडी. खांद्याचे स्नायू विचारले. मी सुरू केलं ते थांबलेच नाही. ते भाटी मॅडमना म्हणाले, वा, ही तर रेडिओ आहे. मॅडम हसल्या नाहीत. मॅडम माझ्या हातांकडे बघत होत्या.

मग थैली.

पहिलं हाड. अंगठ्यानं थेंब शोधला. नव्हता. सगळीकडून शोधला. ते म्हणाले, काय शोधतेस? मी म्हटलं, सर, हे आमच्या सेटमधलं नाही. ते म्हणाले, बरोबर, हे माझ्या सेटमधलं आहे. मी फीमर म्हटलं. उंटाचा खांदा होता.

दुसरं. तार नाही, प्लास्टर नाही. वर ओलसर, नुकतंच उकळून साफ केलेलं असावं. बोट एका भोकात गेलं आणि आत काहीतरी मऊ होतं. मी हात काढून घेतला. नाव कुठलं सांगितलं ते आठवत नाही. मणका होता.

तिसरं. हात घातला आणि एकदम बरं वाटलं. ओळखीचं! एका बाजूनं खडबडीत, दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत, मधे हलकीशी धार, तळहातात बरोब्बर बसणारं. परीक्षकांनी गंमत म्हणून घातलं असणार, मुलं घाबरलेली असतात म्हणून. मी हसून म्हटलं, सर, हे हाड नाही.

मग काय आहे?

वज्री, सर. टाचा घासायची.

ते अगदी हळू म्हणाले, वर्णन कर. मी केलं, सगळं, धार कुठल्या बाजूला, निमुळतं टोक कुठे, अंगठा कुठे बसतो. ते म्हणाले, इतकं चांगलं वर्णन आज कोणी केलं नाही. तू कशी ओळखतेस? मी म्हटलं, रोज वापरते, सर. ऑक्टोबरपासून.

त्यांनी नाडी सोडून ते बाहेर काढलं. पिवळट, तिकोनी. ते म्हणाले, बेटा, ही बैलाच्या गुडघ्याची वाटी आहे.

पुढचं वॉशबेसिनपाशी.

खोलीवर आले तर सुगना बाथरूमच्या खिडकीसमोर उभी होती. वर्गातून बातमी माझ्या आधी पोचली होती. म्हणाली, अगं, धुऊन वाळत ठेवलेली मीच गं, विसरले. आणि मला वाटायचं हा दगड तू घरून आणलायस, म्हणून मी कधी हातही लावला नाही. मग पोट धरून खाली बसली. हसता हसता रडली. मी फक्त रडले.

त्या वाटीनं मी तोंडही घासलंय. कपाळ. एकदा, संक्रांतीच्या आसपास, ओठसुद्धा.

याहून जास्त लिहीत नाही.

२ मार्च
निकाल. लेखी: वर्गात पहिली. प्रॅक्टिकल: नापास. फेरपरीक्षा जूनमध्ये.

दुपारी दादोसांचा फोन, मी काही बोलायच्या आत त्यांचाच आनंद. सरकारी शिबिरातले डॉक्टर पांजरापोळात आले होते. दादोसांनी त्यांना माझं सगळं बोलणं सांगितलं. डॉक्टरांनी धोलीचा पाय चाचपला, म्हणाले, मुलीनं बरोबर ओळखलं. छोटासा चिरा, आत एक बंध कापला, आणि धोली उठून चालत हौदावर गेली. तिथे सगळे रडले. ट्रस्टच्या सभेत माझा सत्कार ठरला आहे, शाल आणि श्रीफळ.

मी म्हटलं, बाऊजींना द्या.

खोटं बोलता येत नाही, ही घरच्या शिकवणीची एक अडचण आहे. सांगितलं. बाऊजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, किती नावं चुकली? मी म्हटलं, नावं सगळी आली. हाडं आली नाहीत.

मागून भुवासांचा आवाज, फोन मला दे. त्यांनी निकालाचं काही विचारलं नाही. विचारलं ते असं, की धोलीची ती वाटी हाताला लागते कशी? मी सांगितलं. खडबडीत बाजू, गुळगुळीत बाजू, मधली धार, तळहातात कशी बसते. बोलताना डोळे मिटले होते आणि तळवा उघडा होता. भुवासा म्हणाल्या, वा. याला म्हणतात अर्थ येणं. कशी शिकलीस?

सवयीनं, म्हटलं. खोटं नाही.

मग आत काहीतरी बोलणं झालं आणि बाऊजींनी निर्णय सांगितला. बी.कॉम.चं जूननंतर बघू. तोवर घरी यायचं, रोज सकाळी पांजरापोळात, एकेका जनावराचा पाय हातानं. भुवासा सोबत बसणार आणि म्हणून घेणार. शाल आणि श्रीफळ रद्द.

सुगना सामान बांधायला मदत करते आहे. वाटी तिनं साबणानं धुऊन गोणीत टाकली. कोरडी हवा सुरू झाली, टाचांना भेगा पडल्या आहेत, चालताना दुखतं. तशाच राहतील.

निश्चय: धोलीपासून सुरुवात. पहिले काही दिवस नुसतं निरीक्षण.