न दुखणारा दात

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर चिडले आहे. राग जुनाच आहे, पण आज तो जयेंद्रगंजातल्या एका दवाखान्यात, तोंडात कापसाचे बोळे कोंबलेले असताना उसळून आला, आणि तोंड सताड उघडं असूनही मला एक शब्द बोलता आला नाही. म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसले. चहासुद्धा घेतला नाही. तसंही थोडा वेळ काही घेऊ नका, असं ती डॉक्टर म्हणाली आहे. दातांचीच डॉक्टर, तुमच्यासारखी. माझ्या मुलीच्या वयाची असेल.

हातपंपाचा तो दिवस तुम्हाला आठवत होता की नाही, कोण जाणे. मला आठवतो. माधवगंजातल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी पंप होता आणि मी चौथीत होते. मी दांडा दाबते आहे, मैत्रीण बादली धरून उभी आहे, आणि माझा हात सुटतो. दांडा उसळून थेट तोंडावर. फ्रॉक रक्ताने भरला, आईने रडून घर डोक्यावर घेतलं. तुम्ही मात्र शांत. बाहेरच्या खोलीतच तुमचा दवाखाना, तिथे मला खुर्चीत बसवलंत, दिवा खाली ओढलात, पुढचा दात दोन बोटांत धरून हलवून पाहिलात आणि म्हणालात, "तुटला नाही, निखळला नाही. थांबू या." इथवर तुमचं काहीच चुकलं नाही. मार बसलेल्या दाताचा रंग आधी बदलतो आणि कधीकधी आपोआप पूर्वीसारखाही होतो, हे मला आता कळलं आहे. थांबायलाच हवं होतं. पण थांबण्याला काही सुमार असतो की नाही? तुम्ही थांबलात ते थांबलातच. आधी गुलाबी दिसणारा दात दिवाळीपर्यंत राखाडी झाला आणि पुढे पार पाटीच्या रंगाचा. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "गावाचे दात बघता, घरातला दिसत नाही का? दिव्याखाली अंधार!" तुम्ही ताटातून मान वर न करता मला विचारायचात, "दुखतो का?" मी म्हणायचे, नाही. "मग झालं तर." आणि वरण वाढायला सांगायचात.

झालं कसलं, कपाळ! त्या दाताची तुम्ही जाहिरात केलीत. एखादा पेशंट शंका काढू लागला, की डॉक्टर उगाच तर काही करत नाही ना, किंवा आहे ते नीट का करत नाही, तर तुम्ही आतल्या दाराकडे बघून हाक मारायचात, "बेटा, ज़रा इधर आना." पेशंटसमोर तुम्ही माझ्याशीही हिंदीत बोलायचात. मी येते, लवंगेच्या तेलाच्या त्या वासात उभी राहते, खिडकीकडे तोंड करते आणि वरचा ओठ अंगठ्याने उचलते. तुम्ही माझी हनुवटी धरून चेहरा उजेडात वळवता आणि सांगता, "ये मेरी बेटी है. दाँत काला पड़ गया, पर दर्द नहीं है, तो मैंने हाथ नहीं लगाया. अपनी बेटी को नहीं लगाया, तो आपको क्यों लगाऊँगा?" समोरचा माणूस विरघळायचा. "डॉक्टर साहब, आप जैसा ईमानदार आदमी नहीं देखा." आणि तुम्ही होतातच प्रामाणिक. दात दिसला की उपटायचा आणि टोपी चढवायची, असले लोक तेव्हा बाजारात बसले होते, तुम्ही त्यांतले नव्हतात. हे खरं आहे आणि म्हणूनच माझा जास्त जळफळाट होतो. बाप लबाड असता तर मी कधीच मोकळी झाले असते. तुमचा प्रामाणिकपणा साऱ्या माधवगंजाने माझ्या तोंडात वाकून पाहिला, आणि त्यातल्या एकालाही या पोरीला काय वाटत असेल असं वाटलं नाही.

अकरावीत असताना गोरखीच्या वाड्याच्या बाजूला आपल्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक बसत होतं. मला खट्याळ धाकट्या जावेचं काम मिळालं होतं, सगळा अंक हसण्याचा. दोन तालमी झाल्या आणि बसवणाऱ्या काकूंनी मला बाजूला घेतलं. "तुझं पाठांतर किती छान आहे ग! तू विंगेतून प्रॉम्प्टिंग कर." त्या माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हत्या, ओठांकडे बघत होत्या. मी घरी येऊन तुमच्यासमोर पहिल्यांदा आणि शेवटचं रडले. दात नीट करून द्या म्हटलं. तुम्ही म्हणालात, "रूपाचं एवढं वेड बरं नाही. दात चावायला असतात, मिरवायला नाही." नाटकाला तुम्ही पहिल्या रांगेत बसलात आणि घरी परत येताना कौतुकाने म्हणालात, "तुझा आवाज शेवटपर्यंत स्पष्ट येत होता." अण्णा, प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांना ऐकू यायचा नसतो. त्यानंतर मी हसताना तोंडावर हात न्यायला लागले ते लागलेच. माझ्या लग्नाच्या फोटोंत मी अशी बसले आहे, जणू कुणी गेलं आहे.

या डॉक्टरकडे मी दातासाठी गेलेच नव्हते. हिरडीवर एक पुळी येत-जात होती, तीही न दुखणारी. तिने एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला. दाताच्या मुळाशी काळी छाया, हाड झिजलेलं. "काकू, नस तर कधीचीच मेलीये. दर्द नहीं होता ना, इसलिए पता नहीं चलता. और थोडा उशीर झाला असता ना, तर दातच काढावा लागला असता." न दुखणारा दात इतकी वर्षं आतून हाड खात बसला होता, आणि आपण दोघं मिळून तो लोकांना दाखवत होतो! तिने आतली घाण साफ करून रूट कॅनाल केलं. मग दाताच्या मागच्या बाजूने आत रंग घालवणारं औषध ठेवलं, वरून बंद केलं. काही दिवसांनी ते बदलायचं, शेजारच्या दाताशी रंग जुळेपर्यंत. नाहीच जुळला, तर वर पातळ पापुद्रा चिकटवता येतो. कॅप अगदी शेवटचा उपाय. आज ती औषध बदलत होती. बोळे घालण्याआधी मी विचारलं होतं, हे नवीन निघालंय का? हात चालू ठेवून ती आता म्हणाली, "नहीं काकू, ये तो बहुत पुराना तरीका है. आमच्या सरांचे सरसुद्धा करायचे. तुम्ही तेव्हा किसी डेंटिस्ट को दिखाया नहीं था?"

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माहीत नसतं तर मी समजू शकले असते. त्याच खुर्चीत, चार-दोन खेपांत झालं असतं, आणि तुम्ही केलं नाहीत, कारण पांढरा दात तुमच्या काय कामाचा होता?

आणि मी काय केलं, तर मान हलवली. नाही, कुणाला दाखवला नव्हता. माधवगंजातले म्हातारे अजून तुमचं नाव आदराने घेतात, तिने ते ऐकलं असेल. मी तुम्हाला वाचवलं. त्याचाही मला राग आला.

बाहेर आले तर बाकावर एक बाई आपल्या मुलीला घेऊन बसली होती. मुलगी स्कूटीवरून पडली होती म्हणे, आणि तिचा पुढचा दात राखाडी पडायला लागला होता. आई फोनवर नवऱ्याला सांगत होती, "दर्द तो है नहीं, छोड़ो ना. बड़ी होगी तब देखेंगे." ती उठलीसुद्धा. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, खिडकीकडे तोंड केलं आणि अंगठ्याने ओठ वर उचलला. काळेपणा अर्धाच गेलेला आहे अजून. "ये देखिए. मुझे भी दर्द नहीं था." बाई चमकली, पण परत खाली बसली. मुलगी मात्र आ वासून माझ्या दाताकडे बघत राहिली. त्यांचा नंबर येईपर्यंत मी तिथून हलले नाही.

रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, मी अगदी तुमच्या सवयीने उभी राहिले होते. फक्त चेहरा वळवायला कुणी नव्हतं.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून एक लिहून टाकते. तुम्ही हाक मारलीत, की मी खेळ अर्धा टाकून धावत यायचे. दात दाखवायला नव्हे. तुम्ही हनुवटीला हात लावायचात म्हणून. एरवी तुम्ही मला कधी जवळ घेतलंत?